एक नग जादा

वैजयंतीच्या टेबलाच्या खणात अकरा किल्ल्या आहेत आणि त्यांतल्या एकीचंही कुलूप कुठं आहे ते तिला माहीत नाही. फेकून दे की, असं कारखान्यातल्या बायका तिला सांगून थकल्या. तिचं उत्तर ठरलेलं असतं, "आणि उद्या कुलूप सापडलं तर?" नवी पेठेतल्या शाळेच्या गणवेशांच्या त्या कारखान्यात तिला सात वर्षं झाली. खाली दुकान, वर दोन मजले शिलाई, आणि जिन्याच्या कोपऱ्यात खडखडणाऱ्या पंख्याखाली ती आणि तिचा कॉम्प्युटर. सांगोल्याकडच्या एका वाडीतून कॉलेजसाठी सोलापुरात आली, ती इथलीच झाली. वय एकतीस. लग्नाचं विचारलं तर हसते आणि कामाचं विचारलं तर तासभर बोलते.

काम सांगायला सोपं आहे. साठ-पासष्ट शाळा मार्च-एप्रिलात मुलांची मापं पाठवतात. ती कॉम्प्युटरात भरली की प्रोग्रॅम प्रत्येक मुलामागं एक चिठ्ठी छापतो: छाती इतकी, उंची इतकी, बाही इतकी, कापड अमुक. चिठ्ठी कटिंग मास्तरच्या टेबलावर जाते, कापड कापलं जातं, शिवलं जातं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठे शाळांना रवाना होतात. सहा हजार चिठ्ठ्या. त्यांतली एक चुकली तर कुठल्या तरी पोराला पहिल्याच दिवशी लोंबत्या बाह्यांचा शर्ट घालून रांगेत उभं राहावं लागतं, आणि बाकीची पोरं काय गप्प बसतात होय!

हा प्रोग्रॅम लिहिला होता मोईनसरांनी. ते मूळचे कटिंग मास्तरचे चिरंजीव. कात्री सोडून कॉम्प्युटरकडं वळले, पण गळ्यातली माप घ्यायची टेप काही सुटली नाही. कॉम्प्युटरवाल्याच्या गळ्यात टेप बघून नवी माणसं बुचकळ्यात पडत. चहा बशीत ओतून प्यायचे, आणि प्रोग्रॅममधल्या आकड्यांना नावं द्यायची वेळ आली की समोर दिसेल ते नाव द्यायचे. एका फार महत्त्वाच्या आकड्याचं नाव 'भजी' आहे, कारण ते लिहीत होते तेव्हा खाली कोपऱ्यावर भजी तळत होते. वीस वर्षं ह्या भजीवर अख्खा कारखाना चालला. वाचणाऱ्याचं डोकं फिरायचं, पण चिठ्ठी कधी चुकली नाही.

चुकली ती एकदाच, आणि ती वैजयंतीमुळं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिला साफसफाईचा उत्साह आला आणि काही उपयोग दिसेना म्हणून तिनं एक ओळ काढून टाकली. त्या ओळीवर सांगोल्याच्या एका शाळेच्या पांढऱ्या टोप्या अवलंबून होत्या. दोनशे दहा पोरं पहिल्या दिवशी बोडक्या डोक्यानं शाळेत गेली. वैजयंती जिन्यात बसून रडली. मोईनसर शेजारच्या पायरीवर बसले, बशी तिच्या पुढं केली आणि म्हणाले, "हे बघ वैजू, ज्या ओळीचा अर्थ लागत नाही ती काढायची नाही. पण अर्थ न लावता तशीच ठेवायची पण नाही. अर्थ लावायचा. माप म्हणजे आकडा नसतो बेटा. माप असलं की कुठं तरी अंग असतं."

तेच मोईनसर तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. वैजयंती तेव्हा गावी होती, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बारा दिवसांनी परतली तेव्हा सरांच्या खुर्चीच्या पाठीवर टेप तेवढी लटकत होती. घरी भेटायला जायचं होतं. ह्या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करता करता महिना गेला, मग रमजान आला, मग जूनचा हंगाम. उशीर जितका वाढला तितकी लाज वाढली. शुक्रवार पेठेत त्यांचं घर, चालत वीस मिनिटांवर. तीन वर्षांत ती वीस मिनिटं तिला चालता आली नाहीत. वाटेत ती पेठ आली तरी ती पलीकडच्या गल्लीतून जाई. ज्या माणसानं आपल्याला सगळं शिकवलं त्याच्या बायकोसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं, ह्याचं तिला उत्तर सापडत नव्हतं.

यंदा मे महिन्यात मालकांनी, म्हणजे ईश्वरप्पांनी, नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. जुनं मशीन आता चालू व्हायलाच अर्धा तास घेत होतं, त्यामुळं वैजयंतीचीही ना नव्हती. सॉफ्टवेअर बसवायला शिवयोगी नावाचा तरुण आला. गोड बोलणारा, कामाला वाघ. जुन्या प्रोग्रॅममधला एकेक नियम काढून तो यादी करायचा आणि वैजयंतीला विचारायचा, हा ठेवायचा की सोडायचा. चाळीस नियम झाले. एक्केचाळिसाव्यापाशी तो हसायला लागला.

"मॅडम, हे बघा. नऊ नंबरची शाळा. उर्दू प्राथमिक, पहिली ते चौथी. ऑर्डर कितीही असू दे, प्रोग्रॅम गुपचूप एक नग जादा टाकतो. नाव नाही, वर्ग नाही, आणि माप काय, तर छाती चाळीस! चौथीच्या पोरीला चाळीस छाती? सरळ सरळ चूक आहे. काढू?"

वैजयंतीला तो नग चांगला माहीत होता. तीन वर्षं झाली, दर जूनला ती शाळा एक गणवेश परत पाठवत होती: 'हा मोठ्या मापाचा आहे, आमचा नाही.' वैजयंती तो घडी करून मागच्या फळीवर ठेवायची. टाकून देणं तिला जमत नाही हे आपण पाहिलंच. फळीवर असे तीन गणवेश झाले होते, आणि ते का येतात हे शोधायला दर वर्षी जूनच्या धबडग्यात तिला सवड झाली नव्हती.

"थांब जरा," ती म्हणाली. "बघून सांगते."

"शनिवारपर्यंत सांगा. शनिवारी जुनं मशीन बंद होणार. आणि एक अडचण आहे, नव्यात नावाशिवाय नग घेताच येत नाही. नाव नसलं तर आपोआप गळणार तो."

तो गेल्यावर तिनं जुना प्रोग्रॅम उघडला. मोईनसर कधी खुलासा लिहीत नसत. फक्त तारीख टाकत. पण ह्या तुकड्याच्या वर इंग्रजी अक्षरांत दोन शब्द होते: 'राहू दे.' खाली ओळींची ही उतरंड. ती जेवणाचा डबा बाजूला सारून वाचायला लागली.

पहिली ओळ अठरा वर्षांपूर्वीची होती. छाती चोवीस. पुढच्या वर्षी पंचवीस. मग सव्वीस, अठ्ठावीस. आणखी दोन वर्षांनी एक नवी ओळ: ह्या नगाला बटण लावायचं नाही, गळा डोक्यातून जाईल इतका मोठा ठेवायचा. मग छाती तीस. मग सलवारीला नाडी नको, इलॅस्टिक घाला. बत्तीस. मानेजवळची कारखान्याची चिठ्ठी ह्या नगाला शिवू नका. चौतीस, छत्तीस. बाहीचं तोंड दोन इंच सैल. अडतीस. आणि सहा वर्षांपूर्वीची शेवटची ओळ: छाती चाळीस, ओढणी डाव्या खांद्याला शिवून टाका. सगळ्या तारखा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातल्या.

वैजयंती उठून मागच्या फळीकडं गेली. तीन वर्षं जे तिनं नुसतं घडी करून ठेवलं होतं ते आज पहिल्यांदा उलगडून बघितलं. निळ्या चौकडीची कमीज, पांढरी सलवार. गळ्याला बटण नव्हतं. मानेजवळ टोचेल असं काही नव्हतं. ओढणी डाव्या खांद्यावर बारीक टाक्यांनी पक्की केलेली होती, घसरू नये म्हणून. चूक अशी दर वर्षी एकेक इंचानं वाढत नाही, आणि चुकीला मानेवर टोचतही नाही. ही कुणाची तरी मुलगी होती. तिला बटण लावता येत नव्हतं, नाडी बांधता येत नव्हती, आणि ती मोठी झाली तरी गणवेश तिला चौथीचाच लागत होता.

चौथी म्हटल्यावर वैजयंतीला एकदम आठवलं. ती नोकरीला लागली त्या वर्षी मोईनसर म्हणाले होते, "माझी पण पोरगी चौथीत आहे." पुढं कधी तरी दिवाळीत पुन्हा म्हणाले, "माझ्या चौथीतल्या पोरीला तुमची शेंगापोळी लई आवडते." आणि जायच्या आदल्या महिन्यातही म्हणाले होते. चार वर्षं ती मुलगी चौथीतच होती, आणि शेजारी बसून सहा हजार पोरांचे वर्ग भरणाऱ्या वैजयंतीनं हा हिशोब कधी केला नव्हता. दर जूनला सर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन घरी जायचे, तेही तिनं पाहिलं होतं. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घरचं आहे."

आता खरी पंचाईत झाली. नग जादा, नाव नाही, प्रोग्रॅमच्या पोटात लपवलेला, आणि गुपचूप घरी गेलेला. मालकांना हे सांगायचं तर ते काय समजतील? पंधरा वर्षं मोईननं माझ्या कारखान्यातून कपडा उचलला, असं त्यांच्या मनात आलं तर? मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही. त्यापेक्षा शिवयोगीला 'काढ' म्हणायचं की काम झालं. ओळ जाईल, जुनं मशीन भंगारात जाईल, झाकली मूठ सव्वा लाखाची राहील. सरांच्या नावाला धक्का लागणार नाही. पण मग त्या मुलीचं काय? तीन वर्षं तिचे कपडे इथं फळीवर पडून आहेत. ओळ गेली की पुढं तेही शिवले जाणार नाहीत, कधीच.

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. आईचा, मथुराबाईचा, रोजचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच तिनं ओळखलं.

"काय गं, जेवलीस न्हाय व्हय?"

वैजयंतीनं सगळं सांगितलं. प्रोग्रॅम आईला कळला नाही, कळायचं कारणही नव्हतं. तिनं नेमकं दुसरंच पकडलं.

"म्हंजी तू त्यांच्या घरला अजून गेलीच न्हाईस? तीन वर्सं?"

"आता कसं जाऊ आई? लई उशीर झाला."

"उशिरानं गेलीस तर दोन शबुद ऐकून घेशील. न्हाई गेलीस तर त्ये बी न्हाईत," आई म्हणाली. "त्यो माणूस तुला पोटच्या पोरीवानी शिकवत हुता. तितं जाऊन विचार की. कॉम्प्युटरला काय विचारतीस?"

शुक्रवारी वैजयंतीनं दुपारनंतर सुट्टी टाकली. तिन्ही गणवेश पिशवीत घातले. निघताना खुर्चीच्या पाठीवरची टेप दिसली. तीन वर्षं ती तिथंच होती, कुणी हलवली नव्हती. का कोण जाणे, तिनं ती काढून पर्समध्ये टाकली.

शुक्रवार पेठेतलं घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर कापडावर पसरलेल्या कडक भाकरी. मोईनसर गेल्यावर त्यांच्या पत्नी जुलेखाचाची कडक भाकरी करून दुकानांना देत होत्या. दार उघडंच होतं. वैजयंती उंबऱ्याशी थांबली आणि वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं सगळी विसरली.

चाचींनी पिठाचे हात पदराला पुसले, डोळे बारीक करून पाहिलं. "तू वैजू ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ते सांगायचे ना. उंच आहे, सांगोल्याची आहे, आणि काही टाकून देत नाही." चाची हसल्या. "ये बेटा, आत ये. बाहेर काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी."

वैजयंतीला बोलणीच खायची होती. बोलणी मिळाली असती तर सोपं गेलं असतं. ती तिथंच खाली बसली आणि तीन वर्षांचं सगळं रडू तिच्या डोळ्यांतून बाहेर पडलं. "चाची, मी आलेच नाही. यायला हवं होतं. आलेच नाही."

"आलीस की," चाची म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला. "आज आलीस."

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. मुलगी म्हणायचं, पण वय चोवीस. गोल चेहरा, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी. अंगात निळ्या चौकडीची कमीज. ती धुऊन धुऊन इतकी विटली होती की चौकडी कुठं आहे ते जवळून बघावं लागत होतं. दोन्ही कोपरांवर ठिगळं होती. डाव्या खांद्यावरची ओढणी मात्र जागच्या जागी होती.

"ही समरा," चाची म्हणाल्या. "समज सात-आठ वर्षांची आहे तिची. चौथीपर्यंत शाळेनं ठेवून घेतलं, बाईंची मेहरबानी. पुढं कुठं जागाच नव्हती. पण साडेदहा वाजले की ही तयार होऊन ओट्यावर बसते. शाळा आहे म्हणते. बसू देतो. गणवेश नसला की दिवसभर रडते, जेवत नाही. म्हणून ते दर वर्षी आणायचे."

"आणि ते गेल्यावर?"

"हे शेवटचे दोन आहेत, आलटून पालटून धुते. एकदा शिंप्याकडून शिवून घेतला. पण हे कापड बाजारात मिळत नाही ना, तुमच्याकडंच येतं शाळेसाठी. हिनं बघितलं आणि फेकून दिला. माझा नाही म्हणाली."

"मग कारखान्यात यायचं की हो चाची. एक निरोप द्यायचा."

चाची भाकरीवरचं कापड सारखं करत राहिल्या. "ते होते तोवर त्यांच्या नावावर यायचा. ते गेल्यावर मी कुठल्या तोंडानं मागू? कारखान्यात कुणाला वाटलं असतं तर पाठवलाच असता, असं म्हणायची मी मनात. खोटं कशाला बोलू."

वैजयंतीनं पिशवीतून तिन्ही गणवेश काढले आणि चटईवर ठेवले. नवं कोरं कापड, इस्त्रीची घडी. समरा हळूच पुढं आली, गुडघ्यांवर बसली. पहिल्यांदा तिनं कमीज उलटी करून मानेच्या जागी बोट फिरवलं. टोचत नाही याची खात्री केली. मग डावा खांदा पाहिला, टाके पाहिले. मग तिन्ही एकावर एक रचून त्यांवर हात ठेवला आणि वैजयंतीकडं बघून विचारलं, "अब्बाने भेजे क्या?"

वैजयंतीनं चाचींकडं पाहिलं. चाची भिंतीकडं बघत होत्या. खोटं बोलायची वेळ आली असं वैजयंतीला क्षणभर वाटलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की खोटं बोलायची गरजच नाही. मोईनसर गेल्यावरही दर एप्रिलला त्यांच्या हातची ती ओळ चालली होती. दर वर्षी त्या ओळीनं एक चिठ्ठी छापली होती, बटण नको, नाडी नको, मानेला काही टोचू नका म्हणून सांगितलं होतं. माणूस गेला तरी बाप थांबला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. अशा वेळी तिची वाडीची भाषा वर येते. "तुज्या अब्बांनीच पाठवलेत. दर वर्षी पाठवत हुते बघ. आमीच पोचवले न्हाईत."

समरानं मान डोलावली. तिला ते पटलं होतं. तिथंच घाईघाईनं तिनं एक नवी कमीज अंगातल्या कमिजीवरूनच डोक्यातून घातली. ती सैल झाली. आत जुनी असूनही खांदे उतरत होते, कडेला कापड लोंबत होतं. चाची म्हणाल्या, "वाळली आहे. ते गेल्यापासून नीट खातच नाही."

वैजयंतीनं पर्स उघडून टेप काढली. पिवळी, कडा झिजलेली, पहिल्या इंचाचे आकडे पुसलेले. ती टेप दिसताच समरा उठली, नवी कमीज काढून आईच्या हातात दिली आणि कुणी काही न सांगता आतल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली. दोन्ही हात बाजूला पसरले. हनुवटी वर केली. श्वास रोखून धरला. दर एप्रिलला तिचे अब्बा इथंच, असंच तिचं माप घेत होते. तीन एप्रिल तसेच निघून गेले होते, आणि चौथाही नुकताच गेला होता.

चाचींनी तोंडाला पदर लावला. वैजयंतीनं टेप समराच्या पाठीमागून पुढं आणली. तिनं दोनदा मोजलं. अडतीस.

शनिवारी सकाळी शिवयोगी यायच्या आधीच ती खाली दुकानात गेली. मालक ईश्वरप्पा गल्ल्याशेजारी कपाळाला भस्म लावून उदबत्ती फिरवत होते. तिनं ठरवलं होतं की जे आहे ते सांगायचं, आणि वर हेही सांगायचं की त्या नगाचे पैसे तिच्या पगारातून कापा, पण सरांना नाव ठेवू नका. तिनं एका दमात सगळं सांगितलं. ईश्वरप्पांची उदबत्ती हातातच राहिली.

"यव्वा," ते म्हणाले, "अगं, ते मीच सांगितलं होतं की मोईनला! पोरीला शाळेतनं काढलं त्या वर्सी हितंच बसून रडला होता तो. मीच म्हनलो, दर वर्सी एक नग काढ तिच्या नावाचा, मला विचारत पन बसू नको. त्यानं परत कधी विचारलं न्हाई, मी पन कधी विचारलो न्हाई."

"पहिली ओळ त्याच्या आधीची आहे."

"तवा ती शाळेत होती की. स्वतःच्या पोरीचं माप बाप हातानं टाकनार न्हाई तर कोन?" ते खाली बसले. उदबत्तीची राख गल्ल्यावर पडली, तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. "त्याच्या मातीला गेलो. चाळिसाव्या दिवसाला पन गेलो. पन तो गेल्यावर ते पोरीला कोन पोचवतंय, हे ह्या टकुऱ्यात आलं न्हाई बघ. आनि तू तीन दिवस हे पोटात घिऊन फिरतीस? मला चोर सापडल्यागत वाटंल म्हनून?"

वैजयंतीनं गल्ल्यावरची राख हातानं पुसून घेतली.

"मला विचारायचं की गं आधी," ते हळूच म्हणाले. राग नव्हता त्यात. तिन्ही वर्षं तिघं जण एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते, आणि तिघांनीही हाक मारली नव्हती. चाची संकोचानं, ती लाजेनं, आणि मालक नुसते विसरून.

वर शिवयोगी लॅपटॉप उघडून बसला होता. "एक्केचाळीस नंबर, मॅडम. काढू ना?"

"नाही. राहू दे," ती म्हणाली. "पण त्यात एक बदल आहे."

"नाव लागेल."

"लिही. समरा मोईन."

"इयत्ता?"

"चौथी."

त्यानं टाइप केलं. "म्हणजे पुढच्या वर्षी हा नग आपोआप बंद करू? चौथीनंतर ती शाळा सोडणार ना?"

"नाही सोडणार," वैजयंती म्हणाली. "ती चौथीतच असते."

शिवयोगीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. पोरगा खरंच समजूतदार होता.

"आणि बदल काय?"

"छाती चाळीस आहे ना, ती अडतीस कर. आणि एप्रिलात आठवण येईल असं काही तरी टाक. दर वर्षी माप घेऊन बदलावी लागेल. खायला लागली तर पुन्हा वाढेल."

बाकी सगळ्या ओळी, बटणाची, इलॅस्टिकची, मानेची, बाहीची, खांद्याची, जशाच्या तशा नव्यात गेल्या. अठरा वर्षांच्या त्या गुंत्यात बदलण्यासारखा एकच आकडा निघाला, तोही घरी गेल्यावर कळला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नियमाशेजारी खुलाशासाठी रिकामी जागा असते. बहुतेक लोक ती रिकामीच ठेवतात. वैजयंतीनं शिवयोगीला जरा सरकायला सांगितलं, सरांची खुर्ची ओढली, पर्समधली टेप पुन्हा तिच्या पाठीवर लटकावली आणि स्वतः लिहायला बसली. आपण उद्या इथं नसलो आणि दुसरंच कुणी हे वाचून हसायला लागलं तर, असं तिच्या मनात होतं. तिनं लिहिलं:

'ही चूक नाही. हा नग समराचा आहे. मोईनसरांची मुलगी. शुक्रवार पेठ, ओट्यावर कडक भाकरी वाळत घातलेल्या दिसतील ते घर. माप एप्रिलात घरी जाऊन घ्यायचं, सरांची टेप ह्याच खुर्चीला लटकलेली असते. ती स्वतःच दारापाशी उभी राहते. गणवेश जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात नेऊन द्यायचा, शाळेच्या गठ्ठ्यात टाकायचा नाही. कुणी पाठवला असं तिनं विचारलं तर अब्बांनी पाठवला म्हणून सांगायचं, ते खरं आहे. काही कळलं नाही तर जाऊन विचारावं. उशीर झाला असला तरी जावं.'